गिटारवरची हळद

ज्या वर्षी आमच्या देवदत्तला जर्मन पासपोर्ट मिळाला, त्या वर्षीच्या दसऱ्याची ही गोष्ट. पासपोर्ट मे महिन्यात आला. ऑगस्टमध्ये त्याने आम्हा दोघांना, मला आणि कुंदाला, तीन महिन्यांसाठी स्टुटगार्टला बोलावून घेतलं. पासपोर्ट हे निमित्त होतं. आम्ही आलो ते अन्वीसाठी.

अन्वी ही देवदत्तची मुलगी, सतरा वर्षांची. लहानपणापासून ती गिटार शिकते. लग्नाच्या बँडमध्ये असते ती विजेची गिटार नव्हे. ही लाकडी, नायलॉनच्या तारांची, मांडीवर घेऊन नखांनी वाजवायची. चार ऑक्टोबरला, शनिवारी, संगीतशाळेच्या ऑर्केस्ट्राबरोबर ती एक स्पॅनिश कन्चेर्तो वाजवणार होती. कन्चेर्तो म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आबा, पन्नास लोक तिकडे आणि मी एकटी इकडे. आणि माझ्या वाद्याचा आवाज सगळ्यांत बारीक."

"मग ते ऐकू कसं येणार?"

"गेनाऊ," ती म्हणाली. म्हणजे, तेच तर.

त्यासाठी तिच्या गुरूंनी तिला आपली स्वतःची गिटार दिली होती. हेर फोग्ट, म्हणजे फोग्टसाहेब, त्यांचं नाव. वय त्र्याऐंशी. ऐन तरुणपणी स्पेनमध्ये जाऊन त्यांनी ती एका कारागिराकडून करून घेतली होती. आता ते हॉस्पिसमध्ये होते. तिथं माणसाला बरं करायला नेत नाहीत, शेवट नीट व्हावा म्हणून नेतात. त्यांनी अन्वीला सांगितलं होतं, "पन्नास वर्षं ही मी मागून ऐकली. वाजवणारा नेहमी मागेच असतो. एकदा मला समोर बसून ऐकायची आहे." शनिवारी त्यांना चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणायचं ठरलं होतं.

गिटारच्या पेटीवर त्यांच्या सूचनांची चिठ्ठी होती. ऊर्मिलेने, माझ्या सुनेने, आमच्यासाठी ती मराठीत उतरवून चिकटवली होती. मी बेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकलो, त्यामुळे अजून सावकाश वाचतो. 'हीटरजवळ ठेवू नये. गाडीत सोडू नये. अन्वीशिवाय कोणीही हात लावू नये.' ती चिठ्ठी मी पहिल्या दिवशी दोनदा वाचली आणि पेटीपासून लांब राहिलो.

दसरा गुरुवारी होता. घरचे सगळे कामावर आणि शाळेत. मी आंघोळ करून बाहेर आलो, तर बैठकीत कुंदाची पूजा मांडून झाली होती. देवदत्तचा लॅपटॉप, ऊर्मिलेचं शिवणयंत्र, मिक्सर, सायकलचं कुलूप, सगळ्यांवर हळदकुंकू आणि बाल्कनीतल्या झेंडूचं एकेक फूल. आणि मधोमध पेटी उघडी. गिटारवरही फूल.

"अगं, हे काय केलंस?"

"शस्त्रपूजा. तुमच्या रंध्यांना नव्हते का करत मी? परवा एवढी सभा आहे पोरीची."

"चिठ्ठी वाचलीस का?"

"हात लावू नये असं लिहिलंय. हळदकुंकू लावू नये असं कुठं लिहिलंय?"

मी फूल उचललं. हळद तिने पाण्यात कालवून बोटाने लावली होती. जिथं वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो, त्या रुंद भागावर. पाणी जास्त झालं होतं. त्या फिकट लाकडावर पिवळा-लाल ओघळ दोन बोटं खाली उतरला होता.

इथून पुढचं सगळं माझं.

मी कोरड्या फडक्याने पुसलं. कुंकू निघालं, हळद राहिली. न्हाणीघरात खिडक्या पुसायची स्पिरिटची बाटली होती, ती आणली. मी नाशिकला चाळीस वर्षं फर्निचरला पॉलिश केलं. हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो : स्पिरिट लावायचं तर आधी दिसणार नाही अशा कोपऱ्यात लावून बघ. आणि त्या दिवशी मी स्वतः बघितलं नाही. मनात आलं, आता सगळ्याच वस्तूंना कारखान्यातलं लॅकर असतं, त्याला स्पिरिट काही करत नाही. आणि चारला अन्वी येईल ही घाई.

दोनदा पुसलं आणि फडकं अडकायला लागलं. मग वास आला. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखीन. चपड्याचा. लाखेच्या पॉलिशचा. वाद्याला हाताने केलेलं जुनं लाखेचं पॉलिश होतं, ते स्पिरिटने विरघळत होतं, आणि हळदही स्पिरिटमध्ये विरघळून त्याच्यासोबत पसरत होती. रुपयाएवढा डाग तळहाताएवढा झाला. तेवढ्या जागेची चकाकी गेली आणि ती मांजराच्या जिभेसारखी खरखरीत दिसायला लागली.

"काय झालं हो?"

"पॉलिश गेलं."

"मग तुम्ही पॉलिशवालेच ना?"

मी माझा उजवा हात तिच्यापुढे धरला. दोन वर्षांपासून तो थरथरतो. भरला कप मला धरवत नाही. ती हाताकडे बघत खाली बसली आणि म्हणाली, "पेटी बंद करा."

आणि मी केली. ते मला आजही सांगावंसं वाटत नाही, पण केली. चार वाजेपर्यंत आम्ही दोघं त्या पेटीच्या समोर बसून होतो. जिन्यात पाऊल वाजलं की कुंदा पदराने तोंड पुसायची. मी मनात तीच तीच वाक्यं जुळवत होतो. अन्वी आली, जेवली, बासुंदी दोनदा घेतली, "आजी, लेकर," म्हणजे चविष्ट, असं म्हणाली आणि पेटी उघडून वाजवायला बसली. वाजवणारा गिटारकडे वरून बघतो, त्याला पुढची बाजू नीट दिसत नाही. तिने बघितलंच नाही. मला वाटलं, सुटलो.

पाच मिनिटांनी तिने हात उचलला, तेव्हा तिची बाही चिकटून वर आली. तिने गिटार फिरवली. डागावर बाहीच्या विणीचा ठसा उठला होता.

"आबा? वास इस्ट दास?"

हे काय आहे, एवढंच तिने विचारलं. पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. मी सांगितलं. मराठी तिला सगळं कळतं. तिचं तोंड हळूहळू पांढरं होत गेलं आणि तिने गिटार पेटीत ठेवली, तान्हं मूल ठेवावं तशी.

संध्याकाळी देवदत्त आणि ऊर्मिला आले. देवदत्त मला कधी उलटून बोललेला नाही. त्या दिवशी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, एका माणसाने मरायच्या आधी विश्वासाने दिलेली वस्तू आहे हो ती."

"त्यांना काय बोलतोस?" कुंदा म्हणाली. "हळद मी लावली."

"आई, हळद पुसता आली असती."

ऊर्मिला फोन लावत होती. वाद्यं दुरुस्त करणारे तिघं सापडले. दुसऱ्या दिवशी फायरटाग, म्हणजे सरकारी सुट्टी, आणि तिला जोडून शनिवार-रविवार. तिघांकडेही यंत्रच बोललं : सोमवारी भेटू. अन्वीने आपली स्वतःची जुनी गिटार काढली आणि थोडं वाजवून खाली ठेवली. "ऑर्केस्ट्रात बुडेल ही," ती म्हणाली. "आणि त्यांना ती ऐकायची आहे. ही नाही."

"मग त्यांना सांगायचंच नाही," देवदत्त म्हणाला. "लांबून डाग दिसत नाही. हातावर रुमाल घे आणि वाजव. सोमवारी दुरुस्त करून घेऊ."

अन्वीला ते पटावं असं मला फार वाटलं. मी अन्वीकडे बघत होतो. ती जर्मनमध्ये भराभर काहीतरी बोलली. ऊर्मिला मला म्हणाली, "आबा, ती म्हणतेय की डाग असताना तिला वाजवता येईल, खोटं असताना नाही."

मग अन्वी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. तू सांगायचं."

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, निघालो. सुट्टीमुळे डबा रिकामा. अन्वी पेटी दोन्ही गुडघ्यांत धरून बसली होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. माझ्या पिशवीत स्पिरिटची बाटली, ऊर्मिलेच्या स्वयंपाकघरातलं थोडं ऑलिव्हचं तेल, कापूस आणि माझा जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला बनियन होता. लाखेच्या पॉलिशची एक गोष्ट असते, ते कधी पुरतं मरत नाही. स्पिरिटच्या पोटलीने शेजारचं पॉलिश पुन्हा ओलं करून उघड्या जागेवर ओढून आणता येतं. फक्त पोटली थांबता कामा नये. जिथं थांबली तिथं लाकडापर्यंत खड्डा. मला हे जमेल असं वाटत नव्हतं. पण रिकाम्या हाताने गेलं की माणूस भीक मागायला आल्यासारखा दिसतो, म्हणून पिशवी घेतली.

प्रत्येक स्टेशनावर दार उघडलं की वाटायचं, इथंच उतरावं.

हेर फोग्ट खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होते. अंगावर घोंगडी. माणूस इतका वाळला होता की घोंगडीच बसल्यासारखी दिसत होती. अन्वीने पेटी उघडून गिटार त्यांच्या मांडीवर दिली. मी हात जोडले आणि एका दमात सांगितलं. बायकोने पूजा केली, मी स्पिरिट लावलं, आधी कोपऱ्यात बघायला हवं होतं, बघितलं नाही, चाळीस वर्षं मी हेच काम केलं. अन्वी एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत गेली.

डाग त्यांनी नाकाशी नेला. बोटाच्या पेराने चाचपला. मग एक शब्द म्हणाले आणि अन्वीने मान खाली घातली.

"काय म्हणाले?"

"सांगणार नाही."

बाहेर कोणीतरी वाळलेली पानं झाडत होतं, तेवढाच आवाज. मग त्यांनी विचारलं, पिशवीत काय आहे. मी एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवली. बनियन बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी माझा हात मागितला. माझ्या अंगठ्याचं नख पॉलिशने कायमचं तपकिरी झालंय, ते त्यांनी उलटसुलट करून बघितलं. हात त्यांच्या हातातही थरथरत होता. त्यांनी काहीतरी विचारलं.

"ते म्हणतात, नेहमी असाच हलतो का?"

"सांग, नेहमी. खोटं नको."

ते अन्वीशी बोलत राहिले. मधे एकदा माझ्याकडे बोट केलं, एकदा घड्याळाकडे. शेवटी अन्वी म्हणाली, "आबा, ते म्हणतात इथेच करा. माझ्यासमोर. सोमवारपर्यंत मला वेळ नाही."

स्पिरिटचा वास आला तशी नर्स धावत आली आणि रागावून बोलायला लागली. हेर फोग्टही बोलले. मग आम्हाला सगळ्यांना काचेच्या बंद गच्चीवर हलवलं, वरची तावदानं उघडून. मी कापूस बनियनच्या तुकड्यात बांधून पोटली केली. स्पिरिट, मग तेलाचा एक थेंब. हाताच्या पाठीवर दाबून ओल बघितली. आणि मग माझा हात पुढे जाईना. गिटार टेबलावर पडलेली, अन्वीने दोन्ही बाजूंनी धरलेली. एवढंसं पातळ लाकूड, हाताने ठोकलं तर पापडासारखं वाजणारं.

पहिल्यांदा पोटली टेकली ती चुकीची टेकली. कडेला चंद्रकोरीएवढा नवा ओरखडा पडला. अन्वीने श्वास आत ओढला. मी पोटली उचलली आणि म्हणालो, "नाही जमत मला. चल घरी."

तिने ते सांगितलं की नाही, कोण जाणे. हेर फोग्टांनी खुर्चीच्या दांड्यावर बोटाने ठोकायला सुरुवात केली. संथ. एक ठोका, मग मोकळी जागा, मग दोन. अन्वी म्हणाली, "हा दुसरा भाग आहे आबा. माझा. सगळ्यात हळू असतो तो." आणि ती तोंडातल्या तोंडात गुणगुणायला लागली.

मी ऐकत उभा राहिलो. चार-पाच वेळा ते तसंच फिरून आलं. मग ठोक्यावर पोटली उतरवली, विमान उतरतं तशी, तिरकी, चालतीच. इंग्रजी आठचा आकडा काढत गेलो. हात थरथरत होता, पण फिरणाऱ्या हाताची थरथर पोटलीत जिरते, थांबलेल्या हाताची जिरत नाही. ठोका चुकला की ते "नाइन!" म्हणून ओरडायचे. नाही! मी उचलायचो, पुन्हा उतरवायचो. कितीदा ओल भरली ते मोजलं नाही. अर्ध्या तासाने बाहीचा ठसा गेला. तासाभराने जागा बंद झाली. शेजारच्यासारखी नाही झाली. उजेडात तिरकं धरलं तर ओळखू यायची, आणि चंद्रकोर तशीच. पण चिकट राहिली नव्हती. पिवळेपणा आत तसाच होता.

"हळद काही निघणार नाही," मी म्हणालो. "उन्हात ठेवली की उडते. आपोआप."

अन्वीने सांगितलं. त्यांनी विचारलं, किती दिवस.

"आमच्याकडे चार दिवस."

ते पहिल्यांदा हसले. खोकला येईपर्यंत. "ते म्हणतात, स्टुटगार्टमध्ये वसंतापर्यंत," अन्वी म्हणाली, आणि मग आम्ही तिघंही खिडकीबाहेर बघू लागलो, कारण दुसरीकडे बघता येत नव्हतं.

निघताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला नाही. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. अन्वीला एवढंच बजावलं की उद्या संध्याकाळपर्यंत पेटी उघडायची नाही, बाही घालायची नाही, हाताखाली मऊ कातडं घ्यायचं.

शनिवारी सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेच्या टोकाला एक खुर्ची काढून त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवली होती. सात वाजले, ती मोकळीच. देवदत्त मागच्या दाराकडे सारखी मान वळवत होता. हॉस्पिसचा फोन लागत नव्हता. कुंदाने माझं मनगट धरलं होतं आणि तिची नखं मला रुतत होती.

"अहो, आजच काही झालं नसेल ना?"

"गप्प बस."

अन्वी आली. काळा, बिनबाह्यांचा पोशाख. तिने त्या मोकळ्या जागेकडे एकदा बघितलं आणि बसली. पहिला भाग सुरू झाला. लोक संगीत ऐकत असतील. मी फक्त तिच्या उजव्या दंडाखालची जागा बघत होतो. पॉलिश धरून तीस तास झाले होते, दिव्यांचा उष्मा होता, चिकटलं तर सगळ्यांसमोर चिकटणार होतं. भरभर वाजवताना तिचा हात हलायचा आणि मी खुर्चीत पुढे वाकायचो. पन्नास लोक एकदम वाजवायचे, मग एकदम थांबायचे, आणि त्या रिकाम्या जागेत तिची गिटार बोलायची. बारीक, पण शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशी. ती म्हणाली होती ते मला तेव्हा कळलं. मोठ्यांनी गप्प बसायचं ठरवलं तरच तिचं ऐकू येतं.

पहिला भाग संपला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, इथं मधे वाजवत नाहीत. ऑर्केस्ट्राच्या संचालकाने काठी वर केली, आणि त्याच वेळी मागचं दार उघडलं. संचालकाने काठी खाली घेतली. चाकं कुरकुरत पुढे आली. कालचीच नर्स ढकलत होती. हेर फोग्ट एका कुशीवर कलले होते, नाकात नळी, गळ्यात नीट बांधलेला टाय. त्यांना जागेवर आणेपर्यंत अख्खं सभागृह थांबलं. अन्वी त्यांच्याकडे बघत नव्हती. तारांकडे बघत होती.

मग दुसरा भाग सुरू झाला. काल ठोकला होता तो. आधी सनईसारख्या एका लांब वाद्याने तो हळूच म्हटला, मग अन्वीने. माझा हात मांडीवर आपोआप फिरायला लागला. कुंदाने तो धरला नाही. मधे एके ठिकाणी सगळे थांबतात आणि ती एकटीच बराच वेळ वाजवते. तिथं मी दंडाकडे बघायचं विसरलो. हेर फोग्टांकडे बघितलं. डोळे उघडे, मान पुढे, श्वास चालू. मी त्यांचे श्वास मोजत बसलो.

तिसरा भाग कधी संपला ते मला कळलं नाही. लोक उभे राहिले. अन्वी वाकली, आणि तशीच गिटार घेऊन पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी आली, गुडघ्यांवर बसली. आम्हीही गेलो. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, हात उचलत नव्हते. बोट फक्त त्या चंद्रकोरीवर ठेवलं. बराच वेळ ओठ हलवल्यावर आवाज आला. अन्वी रडत होती म्हणून ऊर्मिलेने आम्हाला सांगितलं.

"ते म्हणतात, समोरून ही वेगळीच वाजते. पन्नास वर्षांत मला कोणी सांगितलं कसं नाही?"

मग त्यांनी माझ्याकडे बघून आणखी एक वाक्य म्हटलं. खर्जाच्या तारांचा आवाज जरा कोरडा आहे, पण तो तुमच्यामुळे नाही, तो पहिल्यापासूनच आहे.

नर्सने घड्याळ बघितलं आणि खुर्ची वळवली. दारापर्यंत अन्वी बरोबर गेली.

हेर फोग्ट पुढच्या गुरुवारी, नऊ ऑक्टोबर दोन हजार पंचवीस रोजी, सकाळी सव्वासहा वाजता वारले.